डिमरमागचा नोव्हेंबर

आमच्याकडे भातकापणी उरकते आणि नाटकं सुरू होतात. पाऊस गेलेला असतो, उडवी रचून झालेली असतात, लोकांच्या हाताशी थोडा वेळ असतो. एरवी लग्नाची स्वागतं, पक्षांचे मेळावे, गुणगौरव सोहळे आणि साड्यांचे सेल यांच्यासाठी उघडणारा आमचा नगरपरिषदेचा हॉल त्या महिन्यात नाट्यगृह या नावाला जागतो. सुरुवात होते ५ नोव्हेंबरच्या नटराजपूजनाने. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तो हा दिवस. पुढे राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, मध्येच मुंबईहून दौऱ्यावर आलेलं एखादं व्यावसायिक नाटक, एक-दोन बहुरंगी नमनं, खालून सिंधुदुर्गातून येणारं दशावतारी मंडळ आणि डिसेंबर लागला की शाळांची गॅदरिंग. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या भागाला एवढी विविधता एका छपराखाली दुसऱ्या कुठल्याच महिन्यात बघायला मिळत नाही.

मी या हॉलला लाइट पुरवतो. पोटापाण्याचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. पंप आणि पंखे बांधून घर चालतं. लाइटचं काम अंगाला चिकटलं ते कॉलेजात असताना, आणि सुटेल सुटेल म्हणता अर्धं आयुष्य गेलं. हॉलचे स्वतःचे दिवे कागदावर भरपूर आहेत. प्रत्यक्षात त्यातले निम्मे लागत नाहीत, उरलेल्यांची भिंगं बुरशीने पांढरी पडलेली आहेत, आणि दुरुस्तीचं टेंडर दर वर्षी ‘पुढच्या बैठकीत’ असतं. त्यामुळे माझे पार-कॅन, माझे स्पॉट, माझ्या वायरी. खाऱ्या हवेत वायरीचं तांबं काळं पडतं, क्लॅम्पचे स्क्रू गंजून धरून बसतात. ऑक्टोबर संपेपर्यंत प्रत्येक दिवा उघडून पुसून, होल्डर घासून ठेवावा लागतो. हे काम कुणाला दिसत नाही आणि बिलातही लावता येत नाही.

ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मास्तरांनी मला पहिल्यांदा जो डिमर दाखवला तो मिठाच्या पाण्याचा. तोवर ते प्रकरण मागे पडलं होतं, कंट्रोल बोर्ड आले होते, पण मास्तरांचा आग्रह की आधी हे बघ. चिनी मातीची बरणी, तीत मिठाचं पाणी, तळाशी धातूचा एक पत्रा आणि वरून कप्पीवरच्या दोरीने सोडलेला दुसरा. वरचा पत्रा जसजसा खाली जाईल तसतशी पाण्यातून वीज जास्त जाते आणि दिवा उजळतो. वर ओढला की मंदावतो. मीठ जास्त झालं तर दिवा एकदम भसकन येतो. प्रयोग लांबला की पाणी तापतं, वाफ यायला लागते, आणि मध्यंतरात जो हिशेब असतो तो तिसऱ्या अंकात राहत नाही. आजच्या सुरक्षेच्या नियमांत यातलं काहीही बसत नाही आणि बसूही नये. ओल्या फळीवर उभं राहून उघड्या विजेशी खेळलेल्या त्या लोकांचं नशीब म्हणूनच ते वाचले. पण त्या दोरीने मला एक गोष्ट दिली. दिवा मालवायला किती वेळ घ्यायचा हे सेकंदांत ठरत नाही, समोरच्या नटाने वाक्य संपवून श्वास कुठे सोडला त्यावर ठरतं. दोरी धरलेला हात आपोआप त्याच्या श्वासाबरोबर खाली येतो. पुढे हातात स्लायडर आले, बटणं आली, लॅपटॉप आला. पण फेड करताना माझा खांदा अजून किंचित खाली जातो. मुलगा हसतो मला.

स्पर्धेचे दिवस सगळ्यात दमवणारे. सकाळी नऊ-साडेनऊला टेम्पो लागतो. त्यातून सेटच्या भिंतींचे फ्लॅट, उंचवट्याच्या लेव्हल, खिडकीच्या चौकटी, कुणाच्या तरी आजीची आरामखुर्ची, तुळशीवृंदावन, जुना टेलिफोन असं सगळं उतरतं. टेम्पोबरोबर येणारी माणसं म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीचे कंडक्टर, बँकेतले कॅशियर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, एखादी अंगणवाडी सेविका. दोन-अडीच महिने रात्री देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात तालमी केलेल्या असतात. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, लेखकाचं संमतिपत्र अशी सगळी फाइल दिग्दर्शकाच्या काखेत असते आणि ती तो चहा पितानाही खाली ठेवत नाही. दुपारी एकपर्यंत सेट उभा राहायला हवा असतो, तो तीनला राहतो. मग लाइट लावायला मला दीड तास, त्यात रंगीत तालमीचा अर्धाच अंक होतो, आणि साडेचारला रंगभूषाकार ओरडायला लागतो की माणसं द्या. सातला पहिली घंटा. हे दररोज, नव्या संघाबरोबर.

या मंडळींचं एक ठरलेलं दुखणं असतं, ते म्हणजे ब्लॅकआउट. नवे लेखक मालिका बघून लिहितात, त्यामुळे प्रवेश दोन-तीन मिनिटांचे, आणि प्रत्येक प्रवेशानंतर काळोख. काळोखात खुर्च्या सरकतात, कुणाची तरी करंगळी लेव्हलला आपटते, प्रेक्षक खोकून घेतात. असं चौथ्यांदा झालं की प्रेक्षक नाटकातून उठून घरी गेलेला असतो, फक्त खुर्चीतून उठलेला नसतो. मी दिग्दर्शकाला दरवर्षी सांगतो की निम्मे काळोख काढा, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उजेड सरकवतो, माणसं चालत चालत प्रवेश बदलतील. काही ऐकतात. बरेचसे म्हणतात, ‘संहितेत लिहिलंय.’ दुसरं दुखणं रंगांचं. खून म्हटला की लाल, रात्र म्हटली की गर्द निळा. निळ्यात रंगवलेला चेहरा काळवंडतो, ओठ तर काळेच दिसतात. रात्र दाखवायला चेहऱ्यावर साधा अंबर मंद ठेवून मागच्या बाजूने थोडा निळा दिला की भागतं. पण हे समोरच्याला पटवायला त्याच्याच नायिकेला निळ्यात उभं करून मोबाइलवर फोटो काढून दाखवावा लागतो. आता मी बोलतच नाही, आधी फोटो काढतो.

गंमत म्हणजे हेच दिग्दर्शक गप्पांत ‘घाशीराम’चं नाव घेतात. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिल्यांदा उभं राहिलं ते याच राज्य स्पर्धेसाठी. त्या नाटकात पडद्याचं काम माणसांची रांग करते, भिंतही तीच आणि गर्दीही तीच. सेट म्हणावा असा सेट नाही. आणि ते नाव घेणारा आमचा दिग्दर्शक टेम्पोतून दोन मजली वाडा उतरवत असतो. वाड्याचा जिना वापरतं कोण, तर दुसऱ्या अंकात एकदा गडी, दिवा घेऊन. मग त्या जिन्यासाठी मला एक वेगळा स्पॉट.

पण याच फेरीत मला माझ्या कामाकडे बघायची नजर मिळाली, तीही एका अशा बाईंकडून ज्यांचा तो पहिलाच दिग्दर्शनाचा प्रयोग होता. नाटक दोन पात्रांचं. दुसऱ्या अंकासाठी त्यांनी एकच दिवा मागितला, खिडकीबाहेरून येणारा, हजार वॅटचा, आडवा. समोरून काही नाही. मी म्हटलं, ‘बाई, परीक्षक प्रकाशयोजनेचे मार्क कापतील. निम्मा वेळ चेहरा दिसणार नाही.’ त्या म्हणाल्या, ‘जेव्हा दिसायला हवा तेव्हा तो खिडकीपाशी येईल.’ मला वाटलं, म्हणणं सोपं आहे, हौशी नट टेन्शनमध्ये काय तो दिवा शोधणार. दुपारी त्यांनी त्या माणसाला, एरवी तो तलाठी कार्यालयात कारकून, डोळे मिटून त्या उजेडात पुन्हा पुन्हा चालायला लावलं. म्हणाल्या, ‘गालाला ऊब लागली की थांब.’ हजार वॅटचा हॅलोजन तेवढ्या अंतरावरून खरंच जाणवतो. संध्याकाळी तो माणूस बरोब्बर त्या उबेपाशी येऊन थांबत होता. बायकोने घर सोडायचं ठरवल्याचं तो ऐकतो तेव्हा मात्र तो उजेडातून एक पाऊल मागे गेला. चेहरा गेला, फक्त शर्टाची बाही आणि हातातली पेल्याची कड उजळलेली राहिली. मी बोर्डाला हात लावलेला नव्हता. तोवर मी समजत होतो की नटाला शोधत जाणं हे लाइटवाल्याचं काम. नटालाही उजेड शोधत यायला लावता येतं, आणि तो नाकारताही येतो, हे तिथे कळलं. प्रकाशयोजनेचं बक्षीस अर्थातच मिळालं नाही. ते त्या वर्षी एका पौराणिक नाटकाला गेलं, ज्यात आकाशात वीज चमकत होती.

एका स्पर्धेच्या रात्री मध्यंतरानंतर खरीच वीज गेली. जनरेटर होता, पण तो सुरू करणारा माणूस वडापाव खायला नाक्यावर गेलेला. रंगमंचावर सासू-सुनेचा चढलेला प्रवेश. दोघी थांबल्या नाहीत. दोन मिनिटांत पुढच्या रांगांतून मोबाइलचे टॉर्च लागले, मग सगळ्या हॉलमधून. मी मागच्या केबिनमधून बघतोय तर उजेड खालून वर जातोय, हनुवटीच्या खालून, भुवयांच्या सावल्या कपाळावर. रंगमंचाच्या कडेला ओळीने फूटलाइट असायच्या त्या काळच्या फोटोंत चेहरे असे दिसतात. मी ते फोटोतच बघितले होते. मास्तर सांगायचे की त्या उजेडात माणूस दोन वितींनी मोठा वाटतो, ते खरं होतं. सासूची सावली मागच्या फ्लॅटवर छतापर्यंत गेली होती. वीज आली तेव्हा प्रवेश संपायला थोडा अवकाश होता. मी सगळे स्लायडर शून्यावर धरून ठेवले. विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होता, इंटरकॉमवर कुणीतरी शिव्या देत होतं. प्रवेश संपला, टाळ्या पडल्या, तेव्हा मी हळूहळू उजेड आणला. दिग्दर्शक नंतर भांडायला आला. तो परीक्षकांच्या भीतीने घाबरला होता, त्याचंही बरोबर होतं. पण परत तशी वेळ आली तर मी तेच करीन.

स्पर्धेला प्रेक्षक किती, हे विचारू नये. तिकीट अगदीच नाममात्र असतं, तरी मंगळवारच्या रात्री निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. बसलेल्यांत निम्मे नातेवाईक. पण पाच-सहा म्हातारे आहेत जे एकही नाटक चुकवत नाहीत. त्यातले एक निवृत्त मास्तर मध्यंतरात थेट केबिनमध्ये येतात, ‘आज उजवीकडचा कोपरा मेला आहे’ एवढंच सांगतात आणि जातात. परीक्षकांचा शेरा मला कधी कळत नाही, यांचा दररोज कळतो.

व्यावसायिक नाटक आलं की चित्र पालटतं. आदल्या रात्री कोल्हापूरला प्रयोग, रात्रभर घाटातून प्रवास, आणि दुपारी बस दारात. बॅकस्टेजची मुलं आधी खुर्च्यांमधल्या मोकळ्या जागेत आडवी होतात, तासभर झोपतात, मग उठून चहा घेतात आणि कामाला लागतात. दीड तासात दोन खोल्यांचं घर उभं. प्रत्येक फ्लॅटला मागे नंबर, बिजागरीत पिन घातली की उभा. पडद्याची उंची, विंगेची खोली कुणी मोजत नाही, नजरेने कळतं. त्यांचा लाइटवाला माझ्या बोर्डावर बसतो तेव्हा त्याच्याजवळ कागद नसतो. मी पहिल्यांदा विचारलं होतं, क्यू शीट कुठाय? त्याने कपाळाला बोट लावलं. आमच्या हौशी संघाने पंधरा दिवे मागितले तर हा सहा मागतो. समोरून चार, मागून दोन, आणि दोन्ही बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांत. बाकीचे लटकत राहू देत म्हणाला, शोभेला. त्या सहा दिव्यांत दोन तास कुठेही चेहरा हरवला नाही. हशा कुठे येणार, तो किती वेळ टिकणार, त्यानंतर दिवा कधी हलवायचा हे त्याला शेकडो प्रयोगांनी पाठ करून दिलेलं होतं. मी जवळ बसून बघत होतो आणि पोटात जरा खड्डा पडला होता. एवढी सफाई आपल्याला या जन्मात येणार नाही.

हॉल मात्र त्या दिवशी भरलेला. टीव्हीवर दिसणारा चेहरा बघायला तीनशे-चारशेचं तिकीट काढून लोक बाल्कनीत बसतात, आणि बसू देत, त्यांनी आठवडाभर कष्ट केलेले असतात. मलाही ती नाटकं आवडतात. एकच खटकतं. सामान बसमध्ये चढवताना त्यांच्यातल्या एका मुलाने मला विचारलं, ‘दादा, हे गाव कुठलं?’ त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. रोज नवं गाव, रोज नवी नाइट. पण स्पर्धेच्या संघातला कुणी माणूस मरेपर्यंत विसरत नाही की आपण कुठल्या रंगमंचावर कुठे उभे होतो.

नमनाच्या बाबतीत मी कित्येक वर्षं नाक मुरडत होतो. बहुरंगी नमन म्हणजे गण, गवळण आणि मग वगनाट्य, त्यात मावशी झालेला पुरुष, पेंद्या, कृष्ण, आणि अलीकडे ट्रिकसीन. देव प्रकटणार, राक्षसाच्या तोंडून धूर निघणार, नाग डोलणार. मंडळाचे प्रमुख आले की पहिली मागणी, ‘सगळे कलर फिरवत ठेवा.’ मी त्यांना एकदा मंद उजेडाचं महत्त्व सांगायला गेलो. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘भाऊ, माणसं गावातनं टेम्पोने येतात. घरी तेच एक बल्ब बघत बसतात. इथं पैशे देऊन पुन्हा काळोख बघायचा?’ यावर उत्तर नव्हतं. त्या लोकांना उजेड हा उत्सवाचा भाग म्हणून हवा असतो. तिथे मंद दिवा म्हणजे कंजूषपणा. तेव्हापासून नमनाला मी हात आखडता घेत नाही. लाल-हिरवा-जांभळा, सगळं फिरतं, धूर सोडतो, आणि गणपती प्रकटताना पुढच्या रांगेतल्या आज्या हात जोडतात तेव्हा मी पिवळा पूर्ण देतो.

दशावतारी मंडळ त्याच्या अगदी उलट. यांचा हंगाम कार्तिकापासून, गावोगावच्या जत्रांत, पालखी आत गेली की मध्यरात्रीनंतर उभं राहायचं आणि उजाडेपर्यंत खेळायचं. जत्रांमधला एखादा मोकळा दिवस काढून ते आमच्याकडे येतात. सामान किती, तर पेटारे, हार्मोनियम, पखवाज, झांज आणि बसायला एक बाकडं. तेच सिंहासन, तेच झाड, तीच शय्या. मेकअप रूममध्ये रंगभूषाकार नाही. प्रत्येक जण पेटाऱ्यावर बसून, हातात आरसा धरून, स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. स्त्रीपार्टी करणारे गृहस्थ दाढी करून, पावडर लावून, नऊवारी नेसून उभे राहिले की मघाशी आपल्याकडे तंबाखू मागणारे हेच का, असा प्रश्न पडतो.

पहिल्यांदा मी संहिता मागितली होती. सगळे हसले. आख्यान ठरलेलं असतं, कोण कोणाला कुठे भेटणार तेवढं ठरतं, संवाद उभ्या उभ्या. म्हणजे क्यू नाही. मी विचारलं, मग उजेड कधी बदलू? राजा झालेले बुवा मुकुट बांधता बांधता म्हणाले, ‘बदलूक नको रे. आमची तोंडां दिसली म्हणजे झाला.’ तेव्हा मी सगळे साधे दिवे एकसारखे लावले आणि हात मांडीवर ठेवून बसलो. काम न करता बसणं किती अवघड असतं हे त्या रात्री समजलं. राणीचा विलाप सुरू झाला की बोटं आपोआप स्लायडरकडे जातात. पण बघता बघता लक्षात आलं की बदल तिथे होतच होता, फक्त माझ्याकडून नाही. पखवाजाचा ठेका पडला की दरबाराचं रण होतं. हार्मोनियमने सूर लांबवला की रात्र होते. राजा बाकड्यावरून उतरून बाकड्याकडे पाठ करून दोन पावलं चालला की जंगल आलं. माझा उजेड जागचा हलला नाही आणि तरी मला जंगल दिसलं. त्या प्रयोगानंतर हौशी संघांच्या क्यू शीटमधले निम्मे क्यू मला फालतू वाटायला लागले, ही अडचण मात्र होऊन बसली.

शाळांच्या गॅदरिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पैसे रोख, वेळेवर, आणि महिन्यातली सगळ्यात चांगली कमाई तीच. सोनेरी रंग फासलेली पोरं विंगेत घामाने चिकचिकत उभी, बाई कानात ओरडतायत, आणि पालक मोबाइल वर धरून रंगमंचाला चिकटलेले. दुसऱ्या दिवशी तक्रार येते की व्हिडिओत काळे पट्टे आले. ते स्वस्त एलईडीचं लपलपणं; डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. तेवढ्यासाठी आता गॅदरिंगला जुने हॅलोजन काढतो. पोरांना भाजतं, पण व्हिडिओ चांगला येतो.

लोक विचारतात, इतक्या वर्षांत हात बसला असेल ना? बसला आणि नाहीही. वायरिंगला बसला, फेज कुठल्या लोडला उडतो ते वासाने कळतं. पण बाकी कामात आदल्या रात्रीचं दुसऱ्या दिवशी उपयोगाला येत नाही. उलट आड येतं. नमनाच्या दुसऱ्या दिवशी दशावतार असेल तर रंगांची हाव आवरायला अर्धा दिवस लागतो. व्यावसायिकचे सहा दिवे बघून दुसऱ्या दिवशी मी हौशी संघाला सहाच दिवे द्यायला निघतो, आणि त्यांचा नट त्या सहांच्या बाहेर जाऊन उभा राहतो, कारण शंभर प्रयोगांची त्याच्या पायांना सवय नाही. त्याला पंधराच लागतात. म्हणून रात्री सेट उतरला, टेम्पो गेला की मी एकटा थांबून दोन गोष्टी करतो: रंगमंचावर नटांच्या जागा दाखवायला चिकटवलेल्या टेपच्या पट्ट्या नखाने काढतो, आणि बोर्डाची मेमरी पुसतो. सकाळी येणाऱ्या माणसांना आदल्या रात्रीची एकही खूण दिसता कामा नये.

सेट उतरवण्याची वेळ मला बघवत नाही, पण बघतो. साडेदहाला प्रयोग संपतो, अर्धा तास फोटो आणि मिठ्या, आणि लगेच हातोडा. ज्या खिडकीसाठी दिग्दर्शक दुपारी सुताराशी भांडला होता ती खिडकी आता तोच उलटी धरून बाहेर नेतो, अजून गालावर रंग. सकाळी त्याला शाळेत सातला हजेरी असते. त्यांना शासनाकडून निर्मितीखर्चापोटी काही रक्कम मिळते, ती टेम्पो आणि जेवणातच संपते. माझ्या बिलावर घासाघीस होते ती मला आवडत नाही, पण त्या वेळी तो माणूस समोर बसला की माझंच पेन थबकतं. दुकानातल्या पंपांनी हे नुकसान भरून काढायचं, असं घरात आमचं न बोलता ठरलेलं आहे.

माझा मुलगा याच्यात आला तो माझ्यामुळे नाही, डीजेमुळे. लग्नं, हळदी, गणपतीच्या मिरवणुका, मूव्हिंग हेड आणि लेझर. एका रात्रीत तो कमावतो ते मला स्पर्धेच्या आठवड्यात मिळत नाही, आणि मी त्याला कधी अडवलं नाही. नोव्हेंबरात तो मात्र हॉलवर येतो. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी म्हणतो, एलईडी मरताना मरत नाही, कापला जातो; हॅलोजनची तार विझताना पिवळी होते, मग तांबूस, आणि त्या तांबूस क्षणात नट निघून जातो. तो म्हणतो, ते सगळं आता सेटिंगमध्ये करता येतं, डिमरचा कर्व्ह बदलायचा, खालच्या टोकाला अंबर मिसळायचा. मागच्या स्पर्धेत एका रिकाम्या दुपारी, त्या दिवशीच्या संघाने ऐनवेळी माघार घेतली होती, त्याने शेजारी शेजारी दोन दिवे लावून करून दाखवलं. मला पाठमोरं बसवलं, पांढऱ्या फ्लॅटवर उजेड टाकला आणि विचारलं, यातला हॅलोजन कुठला? वरचा टप्पा मला अजिबात ओळखता आला नाही. अगदी शेवटी, दिवा जवळजवळ गेलेला असतो तिथे, ओळखला. तो म्हणाला, ‘बाबा, एवढं खालचं बघतंय कोण?’ मी त्याला निवृत्त मास्तरांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, एका माणसासाठी बारा हॅलोजन सांभाळायचे का? मी सांभाळतोय. या वर्षी त्याने एलईडीचा नवा ड्रायव्हर मागवला आहे, शेवटच्या टप्प्यासाठी म्हणून. आला की पुन्हा पाठमोरा बसवणार आहे.